तारेवरचे बाइट आणि हेडरमधली नावं: पोर्टिंगच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आज कार्यशाळेसाठीच्या टूलच्या पोर्टिंगची, म्हणजे ते दुसऱ्या सिस्टिमवर चालवण्याच्या कामाची, ब्रँच उघडली. डेबियन १२ वर सगळं एकाही वॉर्निंगशिवाय कंपाइल होतं. आता ते अल्पाइन लिनक्स, फ्रीबीएसडी आणि मॅकओएसवर न्यायचं आहे. टूल दोन कामं करतं. पीकॅप फाइल (पकडून साठवलेली नेटवर्क पॅकेट) उघडून तिच्यातली टीसीपी संभाषणं उलगडून दाखवतं, आणि चालू कनेक्शनची तब्येत कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) विचारून छापतं.

हे काम मला मनापासून करायचं आहे. कार्यशाळेला येणारी मुलं आपापला लॅपटॉप घेऊन येतात. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी शेजाऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावून शिकायचं, हे मला पटत नाही. पॅकेट स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या हाताने उघडून पाहिलं की टीसीपी डोक्यात बसतं.

अल्पाइनच्या कंटेनरमध्ये पहिला बिल्ड चालवला आणि स्क्रीन भरून एरर आल्या. काहीही दुरुस्त करायच्या आधी त्या वेगळ्या काढल्या. बऱ्याच ठिकाणी तक्रार एकच आहे: स्ट्रक्ट टीसीपीएचडीआरमध्ये (टीसीपी हेडरची सी भाषेतली रचना) 'सोर्स' नावाचा सदस्य नाही, 'डेस्ट' नाही, 'सिन' नाही. दुसरा गट पुनर्व्याख्येचा. स्ट्रक्ट ईथएचडीआर (इथरनेट हेडरची रचना) दोनदा घोषित झाला आहे. तिसरा गट किरकोळ आहे: सिस/पोल.एच घेतलं की मसल (अल्पाइनची सी लायब्ररी) वॉर्निंग देते की हा पत्ता चुकीचा, नुसतं पोल.एच घ्या. आपल्या बिल्डमध्ये वॉर्निंगलाही एरर मानतो, म्हणून तिथे गाडी अडते. ती ओळ लगेच बदलली. पोल.एच हेच पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामाईक स्टँडर्डचं) नाव आहे आणि ते सगळीकडे चालतं.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर टीसीपीएचडीआर. ('हेडर' इथे दोन अर्थांनी येतं: पॅकेटच्या सुरुवातीचे बाइट, आणि सी भाषेतली व्याख्यांची .एच फाइल.)

बीएसडी घराण्यात (फ्रीबीएसडी आणि मॅक त्यातलेच) टीसीपी हेडरच्या फील्डांना 'टीएच_' असा उपसर्ग असतो: टीएच_स्पोर्ट, टीएच_डीपोर्ट, टीएच_सीक, टीएच_फ्लॅग्ज. लिनक्सने आपली नावं वेगळी ठेवली: सोर्स, डेस्ट, सीक, डॉफ, आणि फ्लॅगसाठी एकेका बिटाची फील्डं, म्हणजे फिन, सिन, आरएसटी, अ‍ॅक. तारेवर जाणारे वीस बाइट दोन्हीकडे तेच. ते १९८१ च्या आरएफसी ७९३ या प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात ठरले आणि आज आरएफसी ९२९३ मध्येही (२०२२) त्याच जागी आहेत. फरक आहे तो सी भाषेतल्या नावांचा.

मग आपला कोड डेबियनवर इतकी वर्षं कसा चालला? जीलिबसी (डेबियनची सी लायब्ररी) हिच्या आताच्या नेटइनेट/टीसीपी.एच मध्ये एक निनावी युनियन आहे आणि तिच्यात दोन्ही घराण्यांची नावं शेजारी शेजारी ठेवली आहेत. आधी तसं नव्हतं. तेव्हा '__फेवर_बीएसडी' हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी वाचली जाणारी व्याख्या) ठरवायचा की कुठली नावं मिळणार. आपल्या मेकफाइलमध्ये तो मॅक्रो अजून दिलेला होता. आता त्याला काहीच काम उरलेलं नाही, म्हणून काढून टाकला.

मसलमध्ये '_ग्नू_सोर्स' दिलं तरच लिनक्सची नावं मिळतात, नाहीतर फक्त बीएसडीची. आपण काहीच देत नव्हतो. जीलिबसी न मागता दोन्ही देते, मसल मागितल्याशिवाय देत नाही, आणि दोघांपैकी कोणाचंच वागणं नियमाबाहेर नाही. पॉझिक्स उघडून पाहिलं: नेटइनेट/टीसीपी.एच मध्ये ते फक्त टीसीपी_नोडिले हा एक कॉन्स्टंट मागतं. स्ट्रक्ट टीसीपीएचडीआरचा त्यात उल्लेखच नाही. आपण इतकी वर्षं ज्याला 'स्टँडर्ड हेडर' म्हणत आलो, त्यातला आपण वापरतो तो भाग कुठल्याच स्टँडर्डमध्ये नाही. आजच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पुढचे निर्णय यावरूनच घ्यावे लागतील.

आणखी एक खाच आहे. कंपायलरला 'एसटीडी=ग्नू११' ऐवजी 'एसटीडी=सी११' सांगितलं तर डेबियनवरही हा स्ट्रक्ट नाहीसा होतो, कारण काटेकोर मोडमध्ये जीलिबसी '_डिफॉल्ट_सोर्स' स्वतःहून चालू करत नाही. सीमेकमध्ये एक्स्टेन्शन बंद केली की हेच घडतं. लोक ही एरर पाहतात आणि लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. फाइल जागेवरच असते, फक्त तिच्यातला मजकूर मॅक्रोच्या अटीमागे गेलेला असतो. असा संशय आला की 'जीसीसी -ई' चालवून प्रीप्रोसेसरमधून खरोखर काय बाहेर पडलं ते पाहावं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

तात्पुरता उपाय म्हणून '_ग्नू_सोर्स' दिलं. अल्पाइनवरचा पहिला गट गेला. फ्रीबीएसडी आणि मॅकवर याचा काहीच उपयोग होणार नाही, कारण तिथे लिनक्सची नावं मुळातच नाहीत.

५ मार्च, बुधवार

एका जुन्या पॅचमध्ये वेगळा मार्ग सुचवलेला होता: एका हेडरमध्ये 'सोर्स'ला टीएच_स्पोर्ट, 'चेक'ला टीएच_सम, 'विंडो'ला टीएच_विन असे मॅक्रो करायचे. करून पाहिलं. कंपाइल झालं आणि लिंकर अडला. आपल्याकडे 'चेक' नावाचं एक फंक्शन आहे. ज्या फाइलमध्ये हे मॅक्रो पोहोचले तिथे त्याच्या हाका 'टीएच_सम' या नावाने गेल्या, आणि त्या नावाचं फंक्शन कुठेच नाही. मॅक्रोला स्ट्रक्टची हद्द कळत नाही. तो फाइलभर फिरतो. 'चेक', 'विंडो', 'लेन' अशा रोजच्या शब्दांवर मॅक्रो टाकणं हा उपाय मी कोणत्याही प्रकल्पात स्वीकारणार नाही. पॅच बंद केला आणि कारण सविस्तर लिहिलं.

मग दुसरा गट, ईथएचडीआर. इथे 'जीसीसी -एच' फार कामाला आला. कुठलं हेडर कोणी ओढून आणलं याचं पूर्ण झाड तो छापतो, आणि ओळीच्या सुरुवातीच्या टिंबांवरून खोली कळते. चित्र असं निघालं: आपल्या फाइलमध्ये लिनक्स/इफ_ईथर.एच आधी येतं, म्हणजे कर्नलचं हेडर. त्यानंतर नेटइनेट/ईथर.एच, आणि ते आतून नेटइनेट/इफ_ईथर.एच आणतं. जीलिबसीची ही फाइल स्ट्रक्ट ईथएचडीआरची व्याख्या स्वतः करत नाही, कर्नलच्याच हेडरकडे बोट दाखवते. त्यामुळे व्याख्या एकच राहते. मसल मात्र तो स्ट्रक्ट स्वतः लिहिते. झाल्या दोन.

यावर कर्नलने तोड काढलेली आहे. लिनक्स/लिबसी-कॉम्पॅट.एच नावाची फाइल २०१३ पासून आहे. सी लायब्ररीने एखादी व्याख्या आधीच केली असेल तर कर्नलच्या हेडरने ती गाळायची, असा तिचा करार आहे. मसलही आपल्या इफ_ईथर.एच मध्ये '__यूएपीआय_डेफ_ईथएचडीआर' शून्य करून ठेवते. पण हे तेव्हाच लागू पडतं जेव्हा सी लायब्ररीचं हेडर आधी येतं. कर्नलचं आधी आलं तर शून्य वाचायची वेळ निघून गेलेली असते.

क्रम असा का होता? फॉरमॅटर! क्लँग-फॉरमॅट इन्क्लूडच्या ओळी वर्णानुक्रमे लावतो, आणि इंग्रजी वर्णमालेत 'लिनक्स'चं पहिलं अक्षर 'नेट'च्या आधी येतं. म्हणजे हे साधन नेटाने प्रत्येक फाइलमध्ये कर्नलची हेडर वर आणि सी लायब्ररीची खाली ठेवत होतं, आणि आपल्याला हवा आहे नेमका उलटा क्रम.

या फाइलमधून लिनक्स/इफ_ईथर.एच पूर्ण काढलं. आपल्याला हवे होते ते ईथ_पी_ कॉन्स्टंट सी लायब्ररीच्या हेडरमधूनही मिळतात. जिथे कर्नलचं हेडर खरंच लागतं तिथे दोन गटांमध्ये मोकळी ओळ सोडली. फॉरमॅटर मग गट एकत्र करत नाही, प्रत्येक गट आपल्यापुरता लावतो. मोकळी ओळ का आहे हे वर कॉमेंटमध्ये लिहिलं, नाहीतर पुढचा माणूस साफसफाई म्हणून ती उडवेल.

६ मार्च, गुरुवार

अल्पाइनवर आणखी एक एरर दडलेली होती, आणि तिचा मजकूर अगदी गूढ: 'संख्येआधी आयडेंटिफायर अपेक्षित'. बोट दाखवते ती ओळ आपल्या कोडमधली नाही, कर्नलच्या लिनक्स/इफ.एच मधली. मसलच्या नेट/इफ.एच मध्ये आयएफएफ_अप हा साधा मॅक्रो आहे, किंमत एक. कर्नलच्या हेडरमध्ये तेच नाव एनमचा सदस्य आहे. मॅक्रो आधी आला की एनममध्ये नावाच्या जागी नुसता आकडा पडतो, आणि आकड्याला किंमत देता येत नाही.

लिनक्स/इफ.एच तर आपण कुठेच घेतलेलं नव्हतं. पुन्हा 'जीसीसी -एच'. एआरपीएचआरडी_ईथर या एका कॉन्स्टंटसाठी लिनक्स/इफ_आर्प.एच घेतलं होतं. ते लिनक्स/नेटडिव्हाइस.एच आणतं आणि ते इफ.एच. एका आकड्यासाठी सगळी वरात दारात आली. नेट/इफ_आर्प.एच मध्ये तोच कॉन्स्टंट आहे. ओळ बदलली आणि अल्पाइनचा बिल्ड पूर्ण झाला.

७ मार्च, शुक्रवार

फ्रीबीएसडी आणि मॅक. मॅकवरचे बिल्ड सहकारी चालवते आहे, मी फ्रीबीएसडीवर.

अपेक्षेप्रमाणे स्ट्रक्ट आयपीएचडीआर नाही, ईथएचडीआर नाही. त्यांच्या जागी स्ट्रक्ट आयपी, ईथर_हेडर. नेटइनेट/आयपी.एच घेण्याआधी सिस/टाइप्स.एच आणि नेटइनेट/इन.एच घ्यावं लागतं, नाहीतर आतले प्रकार अनोळखी ठरतात. सॉकअ‍ॅड्रमध्ये पहिला बाइट लांबीचा, 'एसए_लेन'. तो १९९० च्या ४.३ बीएसडी-रीनोपासून आहे, लिनक्समध्ये कधीच नव्हता. आयपीव्ही६ पत्त्याचे ३२ बिटांचे तुकडे आपण 'एस६_अ‍ॅड्र३२' म्हणून घेत होतो. हे नावही तिथे साध्या प्रोग्रामला मिळत नाही. पॉझिक्स फक्त 'एस६_अ‍ॅड्र' म्हणजे सोळा बाइटांची रांग देतं. ती जागा मेमकॉपीने सोडवली.

हे सगळं मेहनतीचं होतं, पण त्यात कोडं नव्हतं. कोडं आलं संध्याकाळी, जेव्हा कंपाइल झालेला प्रोग्राम चुकीचं उत्तर देऊ लागला.

सहकारीने मॅकवर लूपबॅकची (मशीनचं स्वतःशीच असलेलं नेटवर्क) पीकॅप फाइल पकडून पाठवली. डेबियनवर आपलं टूल त्यातली आयपीव्ही६ पॅकेट गाळत होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. लूपबॅकवर इथरनेट हेडर नसतं, त्याऐवजी चार बाइटांत पत्त्याच्या कुटुंबाचा आकडा असतो. तो आपण एएफ_इनेट६ शी ताडून पाहत होतो. लिनक्सवर एएफ_इनेट६ ची किंमत १० आहे, फ्रीबीएसडीवर २८, मॅकवर ३०, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडीवर २४. फाइलमध्ये ३० लिहिलेलं, आपण १० शोधतोय. नाव सगळीकडे तेच असल्यामुळे कंपायलरला यात काहीच खटकत नाही.

कंपाइल एरर बऱ्या, असं आज प्रामाणिकपणे वाटलं. त्या निदान दिसतात.

१० मार्च, सोमवार

शनिवार-रविवारी हाच विचार डोक्यात होता. आता वाटतं की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजत आलो.

पॅकेटमधले किंवा फाइलमधले बाइट हे आपल्या मशीनचे नाहीत. ते दुसरीकडून आले आहेत आणि त्यांचा आकार आरएफसीने किंवा फाइलच्या फॉरमॅटने ठरवला आहे. ते वाचताना या मशीनच्या हेडरला विचारायचं कारणच नाही. कर्नलशी बोलणं वेगळं. सॉकेट उघडणं, इंटरफेसची यादी मागणं, कनेक्शनची आकडेवारी घेणं, या सगळ्यात त्या कर्नलचीच व्याख्या लागते. तिथे आपली व्याख्या लिहिली तर ती कधीतरी घात करेल.

म्हणून रचना अशी ठरवली: तारेवरच्या सगळ्या आकारांची एक फाइल आपली स्वतःची, तिच्यात सिस्टिमचं एकही नेटवर्क हेडर नाही. कर्नलशी बोलणारा कोड प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळ्या फाइलमध्ये, आणि सिस्टिमची हेडर फक्त तिथेच. बाकी कोडमध्ये ती दिसली तर बिल्ड थांबेल अशी एक तपासणीही लावली.

ही कल्पना काही माझी नवी नाही. टीसीपीडंप या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्रामचा सोर्स वाचला की दिसतं, त्यांनी प्रोटोकॉलची हेडर स्वतःची ठेवली आहेत. त्यांचा 'एनडी_यूइंट१६_टी' हा प्रकार म्हणजे दोन बाइटांची साधी रांग आहे, आणि किंमत काढायला जीईटी_बीई_यू_२ सारखे मॅक्रो. इतक्या जुन्या आणि इतक्या सिस्टिमवर चालणाऱ्या प्रोग्रामने हा मार्ग घेतला आहे याचा मला धीर आला.

११ मार्च, मंगळवार

नवी फाइल लिहिली. तिच्यात स्ट्रक्ट नाहीतच. बाइटांचा पॉइंटर आणि लांबी घेऊन किंमत परत करणारी छोटी फंक्शन आहेत. टीसीपीमध्ये सोर्स पोर्ट ० आणि १ या बाइटांत, डेस्टिनेशन २ आणि ३ मध्ये, सीक्वेन्स ४ ते ७, अ‍ॅक ८ ते ११. बाराव्या बाइटचे वरचे चार बिट म्हणजे हेडरची लांबी, तेराव्यात फ्लॅग. प्रत्येक फंक्शन आधी लांबी तपासतं, मगच हात लावतं. जुन्या कोडमध्ये कास्ट करून थेट फील्ड वाचत होतो, तेव्हा ही तपासणी प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवून करावी लागायची.

बिटफील्ड गेल्या याचा सगळ्यात जास्त आनंद आहे. बिटफील्डचा क्रम मशीनच्या बाइट-क्रमावर (मोठा बाइट आधी म्हणजे बिग-एंडियन, लहान आधी म्हणजे लिटल-एंडियन) अवलंबून असतो, म्हणून जुन्या हेडरमध्ये 'बाइट_ऑर्डर बरोबर लिटल_एंडियन' अशी अट होती. हे मॅक्रो कोणी एंडियन.एच मध्ये देतं, कोणी सिस/एंडियन.एच मध्ये, आणि कुठे नावाआधी दोन अंडरस्कोर असतात. योग्य हेडर आलंच नाही तर? प्रीप्रोसेसर अनोळखी नावाला शून्य समजतो. शून्य बरोबर शून्य, अट खरी, आणि बिग-एंडियन मशीनवरही लिटल-एंडियन मांडणी शांतपणे कंपाइल होते. 'डब्ल्यूअनडेफ' हा वॉर्निंगचा फ्लॅग चालू केला तरच हे पकडलं जातं. तो आता कायमचा चालू.

ईसीई आणि सीडब्ल्यूआर हे फ्लॅगही सुटले. आरएफसी ३१६८ ने २००१ मध्ये ते आणले, पण डेबियन १२ च्या जीलिबसीमध्ये त्या दोन बिटांना अजून 'रेस२' असंच नाव आहे. कर्नलच्या हेडरमध्ये मात्र ते नावानिशी आहेत. आपल्या फाइलमध्ये हेक्स ४० आणि हेक्स ८०, सगळीकडे सारखे.

वेगाची शंका येईल म्हणून असेम्ब्ली पाहिली. एक्स८६-६४ वर ओ२ पातळीला चार बाइट शिफ्ट करून जोडणारा कोड जीसीसी एका लोडमध्ये आणि बाइट उलटवणाऱ्या एका सूचनेत बसवतो. शिवाय इथरनेट हेडर १४ बाइटांचं असल्याने आयपी हेडर चारच्या पटीत सुरू होत नाही, आणि कास्ट केलेल्या पॉइंटरवर सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणारं साधन) अलाइनमेंटची तक्रार करायचा. तीही थांबली.

लूपबॅकच्या कुटुंबासाठी २ म्हणजे आयपीव्ही४, आणि २४, २८, ३० हे तिन्ही आयपीव्ही६. तो आकडा पकडणाऱ्या मशीनच्या बाइट-क्रमात असतो, म्हणून फाइलच्या हेडरवरून क्रम ठरवून वाचतो. ओपनबीएसडीचा लूपबॅक वेगळा लिंक-टाइप वापरतो, त्यात हाच आकडा नेटवर्क क्रमात असतो. तोही घेतला. मॅकची फाइल आता डेबियनवर पूर्ण उलगडते.

१७ मार्च, सोमवार

होळी-धुळवडीनंतर पुन्हा कामाला. आता कर्नलशी बोलणारा भाग, आणि त्यात टीसीपी_इन्फो, म्हणजे कनेक्शनची आकडेवारी देणारा स्ट्रक्ट.

इथे स्वतःची व्याख्या लिहायचा मोह होतो, कारण डेबियन १२ च्या नेटइनेट/टीसीपी.एच मधला टीसीपी_इन्फो जुना आहे. तो 'टोटल_रीट्रान्स'पाशी संपतो. आपल्याला हवा असलेला 'डिलिव्हरी_रेट' कर्नलमध्ये ४.९ पासून आहे, पण तो दिसतो लिनक्स/टीसीपी.एच मध्ये. ही दोन्ही हेडर एका फाइलमध्ये घेतली की पुन्हा पुनर्व्याख्या, कारण टीसीपीएचडीआरही दोन्हींत आहे.

रचना बदलल्याचा फायदा इथे दिसला. टीसीपीएचडीआर आता आपल्याला कुठेच लागत नाही, म्हणून लिनक्सच्या फाइलमध्ये नेटइनेट/टीसीपी.एच घ्यायचं कारण उरलं नाही. फक्त लिनक्स/टीसीपी.एच, आणि आयपीप्रोटो_टीसीपीसाठी नेटइनेट/इन.एच, तेही आधी. अल्पाइनवर त्यासाठी 'लिनक्स-हेडर्स' हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं. रीडमीमध्ये लिहिलं.

हेडर नवं आणि चालणारा कर्नल जुना, असंही होऊ शकतं, विशेषतः कंटेनरमध्ये. गेटसॉकऑप्ट किती बाइट भरले ते लांबीत परत सांगतो. फील्डचा ऑफसेट आणि आकार मिळून त्या लांबीत बसत असेल तरच ती किंमत छापायची, नाहीतर जागा रिकामी सोडायची. शून्य छापायचं नाही. शून्य वेग आणि माहीत नसलेला वेग यांत शिकणाऱ्याची गफलत होते.

फ्रीबीएसडीचा टीसीपी_इन्फो त्याच्या नेटइनेट/टीसीपी.एच मध्ये आहे, पण लिनक्सची काही फील्डं तिथे '__' लावून नुसती जागा धरून आहेत. मॅकवर ऑप्शन वेगळा आणि स्ट्रक्टही वेगळा, टीसीपी_कनेक्शन_इन्फो. तिन्हींसाठी तीन फाइली, आणि तिघी आपल्याच एका साध्या स्ट्रक्टमध्ये उत्तर भरतात.

१९ मार्च, बुधवार

इंटरफेसचे मॅक (हार्डवेअर) पत्ते. जुना कोड आयऑक्टल वापरून 'आयएफआर_एचडब्ल्यूअ‍ॅड्र' वाचत होता, तो फक्त लिनक्सचा. आता सगळीकडे गेटआयएफअ‍ॅड्रस. लिनक्सवर एएफ_पॅकेटच्या नोंदीत सॉकअ‍ॅड्र_एलएल मिळतो, बीएसडी आणि मॅकवर एएफ_लिंकच्या नोंदीत सॉकअ‍ॅड्र_डीएल, आणि त्यातला पत्ता एलएलअ‍ॅड्र मॅक्रोने काढायचा. लहानसं काम, दुपारपर्यंत संपलं.

बिल्डच्या तपासणीत ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव विचारणाऱ्या अटी शक्य तिथे काढल्या. मसल तर स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो मुद्दामच देत नाही. त्याऐवजी मेसन या बिल्ड-साधनाच्या 'हॅज_मेंबर'ने विचारतो: सॉकअ‍ॅड्रमध्ये एसए_लेन आहे का? टीसीपी_इन्फोमध्ये डिलिव्हरी_रेट आहे का?

२४ मार्च, सोमवार

डेबियन, अल्पाइन, फ्रीबीएसडी, मॅक, चारही बिल्ड हिरवे. शिवाय क्यूईएमयू या एम्युलेटरवर एस३९०एक्स (आयबीएम मेनफ्रेमचा प्रोसेसर), कारण ते बिग-एंडियन आहे आणि बाइट-क्रमाची परीक्षा तिथेच होते. सगळीकडे त्याच पीकॅप फाइली देऊन निघालेला मजकूर अक्षरशः ताडून पाहतो. एका बाइटाचा फरक पडला तरी टेस्ट पडते.

'_ग्नू_सोर्स'चा तात्पुरता उपाय आज काढून टाकला. त्याच्याशिवायही अल्पाइनवर बिल्ड होतो.

बाकी राहिलेलं: ओपनबीएसडीवर टीसीपी_इन्फोचा भाग लिहिलेला नाही, तिथे सध्या फक्त फाइल वाचता येते. आयपीव्ही६ एक्स्टेन्शन हेडरची साखळी अजून जुन्याच पद्धतीने वाचली जाते, ती याच आठवड्यात नव्या फाइलमध्ये आणायची. आणि कार्यशाळेच्या आधी मॅकची बायनरी सहकारीकडून दोन वेगळ्या लॅपटॉपवर चालवून घ्यायची.